बाईंसाठी आणलेली बॅटरी

गौरीचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी आले होते आणि चहाचं आधण ठेवत होते. गौरी ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. "मावशी, बाबा गेले," एवढंच ती बोलली आणि मग नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. मागे हरसूलच्या बाजाराचा गलका होता, कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं... ती बापलेक त्या दिवशी बाजाराला म्हणून गेली होती. गौरी भाजी घेत होती, आणि भाऊजी चहाच्या टपरीपुढच्या बाकावर ओळखीच्या माणसांशी बोलत बसले होते. बोलता बोलता एका बाजूला कलले. लोकांना वाटलं, डुलकी लागली. टपरीवाल्यानं हाक मारली, खांद्याला हात लावला, आणि मग सगळ्यांना कळलं. दवाखान्यात नेलं खरं, पण न्यायला काही उरलं नव्हतं. मी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरातच उभी राहिले. कुणाला आधी कळवायचं ते सुचेना. माझ्या बहिणीला कळवावं, असं सवयीनं मनात आलं, आणि ताई तर केव्हाच गेली होती.

आता या गोष्टीला काही आठवडे झाले. भाऊजींबद्दल लिहायला बसले की ते एकटे येत नाहीत, ताईला घेऊनच येतात. आणि त्यांच्या दोघांच्या मधे, सांगायला जरा विचित्रच वाटतं, पण जीपची बॅटरी येते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. आमचं घर नाशिक रोडला. आमचे आण्णा सरकारी नोकरीत होते, कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. ताईला, म्हणजे नलिनीला, हरसूलच्या बाजूला एका शाळेत नोकरी लागली. आठवडाभर ती तिथंच खोली घेऊन राहायची, शनिवारी घरी यायची. एसटी चुकली की काळ्या-पिवळ्या जीपशिवाय दुसरी सोय नव्हती, आणि त्या रस्त्यावर बहुतेक वेळा जी जीप मिळायची ती दत्तू ड्रायव्हरची. उंच, काळासावळा, फार कमी बोलणारा माणूस. त्याच्या जीपची एक खासियत ताई आम्हाला घरी येऊन हसून हसून सांगायची. ती नेहमी उतारावरच उभी असायची. एकदा तिनं विचारलंच, "दत्तू, तुम्ही गाडी सपाटीवर का नाही लावत?"

"बॅटरी उतरलीय बाई. उतारावर लावली का धक्का लागत नाय."

"आणि सपाटीवर थांबायची वेळ आली तर?"

"तर मंग सगळ्यांना उतरावं लागतं," दत्तू शांतपणे म्हणाला.

ते हसणं एका दुपारी संपलं. एका पाड्यावरची बाळंतपणात अडलेली बाई घेऊन तिची सासू रस्त्यावर येऊन उभी होती. दत्तूनं गाडी थांबवली, माणसं सरकली, बाईला मागच्या सीटवर आडवं केलं. या गडबडीत इंजिन बंद पडलं. रस्ता सपाट. दत्तूनं किल्ली फिरवली तर सेल्फ नुसता टक् टक् वाजला आणि गप्प झाला. सगळे उतरले, धक्का मारायला लागले, पण खडीवर चाकं हलेनात. ताई आत त्या बाईचा हात धरून बसली होती. गाडी चालू होईस्तोवर मूल जीपमध्येच झालं. सासू हुशार होती, तिनं सगळं निभावलं, आई आणि मूल दोघंही वाचली... पण ताई सांगायची, त्या वेळी दत्तूच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. धक्का मारून मारून दमला तरी तो पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होता, जणू पुढच्या खेपेला तरी बॅटरीला दया येईल. दवाखान्याच्या दारात ताई त्याला म्हणाली, "दत्तू, ही बॅटरी आता बदलायची. आणि मी बरोबर येणार आहे."

ती एकटी कशी जाणार, म्हणून मला बरोबर घेतलं. मी तेव्हा कॉलेजात होते. आण्णांना सांगितलं, कापड घ्यायला जातोय. आम्ही गेलो नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका बॅटरीच्या दुकानात. आत ॲसिडचा तिखट वास, लाकडी फळ्यांवर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांच्या रांगा. दुकानदारानं समोरची चकचकीत बॅटरी पुढे केली. दत्तूनं ती उचलून कडेला कोरलेला तारखेचा आकडा उजेडात धरून वाचला आणि खाली ठेवली.

"ही लय दिवस गोदामात पडलेली हाय."

"पडून राहिली तर काय होतं?" ताईनं विचारलं. "वापरलीच नाही ना ती?"

"नाय वापरली तरी उतरत राहती बाई. बसल्या बसल्या."

मग त्याला सगळ्यात मोठी बॅटरी हवी झाली. ट्रकला लावतात तसली. पुन्हा कधी कुणाला उतरावं लागू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. दुकानदार म्हातारा होता, त्यानं समजावलं की जीपच्या डायनामोला झेपेल तेवढीच घ्यावी, मोठी घेतली तर ती कधी पूर्ण भरायची नाही आणि अर्धवट भरलेली बॅटरी लवकर खराब होते. शिवाय खालच्या खोक्यात ती घट्ट बसली पाहिजे, नाहीतर त्या घाटरस्त्यावर हादरे बसून आतून तुटेल. दत्तूला पटेना. मोठी ती चांगली, असंच त्याला वाटत होतं. शेवटी ताई म्हणाली, "अहो, झेपेल तेवढीच घ्या की." तेव्हा त्यानं मान हलवली. ॲसिड भरून पहिलं चार्जिंग सावकाश करायचं होतं, बॅटरी दुसऱ्या दिवशी मिळणार होती. बाहेर आम्ही तिघांनी उसाचा रस घेतला. दत्तूनं ताईच्या हातात ग्लास देण्याआधी खिशातल्या रुमालानं त्याची कड पुसली, आणि मी, अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, ते पाहून समजून गेले की आपण इथं कापड किंवा बॅटरी असलं काही घ्यायला आलेलो नाही.

लग्नाला आण्णा आले नाहीत. "शिकलेली मुलगी, आणि जीपवाला ड्रायव्हर," एवढंच ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले. आई रडली, मग गुपचूप माझ्या हातून साडी पाठवली. गौरी झाल्यावर मात्र आण्णांना राहवेना. ते स्वतः एसटीनं हरसूलला गेले आणि येताना दत्तूच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आले. त्या दिवसापासून दत्तू ड्रायव्हर आमचे भाऊजी झाले. ताईला मात्र ते शेवटपर्यंत 'बाई'च म्हणायचे. "बाई, चहा ठेवू का?" "बाई, गौरीला ताप हाय." घरात नवराबायको असून शाळेतल्यासारखं बोलायचे, आणि त्यात इतकी माया असायची की मला हेवा वाटायचा.

रविवारी भाऊजींची पूजा असायची, पण ती जीपची. आधी बॅटरीची काळी वायर सोडायची, मग लाल. लावताना उलट, लाल आधी आणि काळी शेवटी. पान्हा चुकून पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते म्हणून. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवायची, कोरडी करायची आणि वर व्हॅसलीन चोपडायचं. ते व्हॅसलीन ताईच्याच डबीतलं असायचं, त्यावरून दर हिवाळ्यात एक लुटुपुटीचं भांडण. मग एकेक बूच उघडून आतलं पाणी बघायचं, प्लेटा बुडाल्यात ना, आणि कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, तेही बेतानं. मी पहिली मोटार घेतली, जुनीच, तेव्हा मला शेजारी उभं करून त्यांनी हे सगळं करायला लावलं. "नळाचं पाणी घालू नको शैला. क्षार असतात, बॅटरीला मारतात. आन् गाडी उभी ठेवू नको नुसती. आठवड्यातून एकदा तरी फिरवून आण. चालती राहिली पायजे." ते एवढं सलग फक्त बॅटरीबद्दलच बोलायचे. ती जीप त्यांनी नंतर कधीही उतारावर उभी केली नाही, आणि हरसूलच्या रस्त्यावर रात्रीबेरात्री कुणाच्या घरून निरोप आला तर तीच निघायची.

ताईला खोकला सुरू झाला तो दोन हजार सालाच्या पुढे. आधी वाटलं खडूची धूळ, मग वाटलं दमा. नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत. थांबवता येणार नाही, लांबवता येईल. भाऊजींनी विचारलं, "म्हंजे औषध काय?" डॉक्टर तरुण होते, चांगले होते, ते पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले.  परत येताना जीपमध्ये ताई म्हणाली, "दत्तू, समोर बघा. रडत गाडी चालवू नका."

दवाखाना जवळ हवा म्हणून ते त्र्यंबकच्या रस्त्याला, शहराच्या हद्दीबाहेर दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. तोवर ताईला हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन लागायला लागलं होतं. ते विजेवर चालायचं. आणि तेव्हा महाराष्ट्रात लोडशेडिंग कसं होतं ते वेगळं सांगायला नको. शहरात वीज काही तास जायची, हद्दीबाहेर त्याला धरबंध नव्हता. वीज गेली की पंखा, टीव्ही, पाण्याची मोटर बंद पडायची तसंच ताईचं मशीनही बंद पडायचं. सिलिंडर एक आणून ठेवलेला असायचा, पण तो संपला की नवीन भरून आणायला शहरात जायचं, आणि तोवर ताईपाशी कोण? भाऊजींनी इन्व्हर्टर बसवला, आणि त्याला जोडली जीपचीच बॅटरी. संध्याकाळी फेऱ्या संपल्या की बॅटरी सोडवून, छातीशी धरून आत आणायची, ताईच्या कॉटशेजारी ठेवायची, वायरी जोडायच्या. सकाळी पुन्हा जीपमध्ये. दुपारी वीज जाणार असेल तर खेप अर्धी टाकून ते घरी यायचे. रस्त्यावरची माणसं विचारायची, दत्तू, असा मधेच कुठं निघाला? "बाईंची लाइट जायची वेळ झाली," म्हणायचे.

थोड्याच दिवसांत ती बॅटरी दम टाकायला लागली. इन्व्हर्टर टूं टूं ओरडायचा, मशीन मंदावायचं, आणि सकाळी जीपही चालू व्हायची नाही. द्वारकेचं दुकान आता म्हाताऱ्याचा मुलगा बघत होता. त्यानं सांगितलं, ही गाडीची बॅटरी. तिचं काम किल्ली फिरवताना क्षणभर जोर लावायचा, पुढे डायनामो लगेच भरपाई करतो. तिला तासन्‌तास ओढत राहिलात तर प्लेटा झडणारच. घरासाठी वेगळी बॅटरी असते, उंच, सावकाश पुरवणारी. भाऊजी ऐकून घरी आले आणि पायरीवर बसून राहिले. मला म्हणाले, "शैला, इतकी वर्षं मी तिला एवढं जपलं, आन् मीच तिला मारत होतो की." मी म्हणाले, भाऊजी, बॅटरीच आहे, नवी आणू. 

नवी उंच बॅटरी आली. ती ताईच्या कॉटशेजारी खिडकीखाली ठेवली, कारण इन्व्हर्टरच्या वायरी आखूड होत्या आणि त्या लांबवल्या तर जोर कमी होतो, असं दुकानातून बजावलं होतं. हिवाळा तसाच गेला. दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या, ताईला गार वारा सोसायचा नाही. वीज आली की बॅटरी चार्ज व्हायला लागायची, आतून बारीक खळखळ ऐकू यायची आणि खोलीत एक आंबूस, घशाला टोचणारा वास पसरायचा. आम्हाला तो आशेचा वास वाटायचा. चार्ज होतेय म्हणजे रात्र निभावेल. आण्णा तेव्हा खूप थकले होते, तरी रिक्षानं यायचे आणि ताईच्या पायाशी स्टुलावर बसून इन्व्हर्टरच्या दिव्याकडे एकटक बघत राहायचे. एकदा हिरव्याचा लाल झाला तसे ते घाबरून ओरडले, "दत्तोपंत! दत्तोपंत, अहो लाल झाला!" ज्या माणसाला त्यांनी ड्रायव्हर म्हणून घरात घेतलं नव्हतं, त्याला ते लहान मुलासारखी हाक मारत होते. भाऊजी धावत आले, त्यांनी वायर हलवली, दिवा पुन्हा हिरवा झाला. आण्णांनी त्यांचा हात धरून ठेवला, सोडलाच नाही.

हिवाळ्याच्या शेवटी इन्व्हर्टर तपासायला पहिल्यांदाच मेकॅनिक आला आणि खोलीत शिरताच थबकला. "अहो, ही आत कशाला ठेवलीत? वाफ निघते चार्ज होताना. त्यात फुफ्फुसाचा पेशंट..." भाऊजींचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी तिथल्या तिथं बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्ही उचलून ओसरीत नेलं, खिडकीतून मशीनपर्यंत साधी वायर ओढली, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. ताई म्हणाली, "अहो, थंडी वाजतेय." त्यांनी गोधडी आणली, तिच्यावर घातली, आणि खिडकी पुन्हा लावावी की उघडी ठेवावी, ते न कळून खिडकीचं दार हातात धरून तसेच उभे राहिले.

ताई गेली ती उन्हाळ्यात, भरदुपारी. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आम्ही सगळे ज्या क्षणाला भीत होतो तो तसा आलाच नाही. त्या दिवशी वीज होती. मशीन चालू होतं. ओसरीतली बॅटरी पूर्ण भरलेली होती, सिलिंडरही भरलेला होता, भाऊजी घरात होते, मी होते. कमी पडावं असं काहीच नव्हतं. ताईनं पाणी मागितलं, दोन घोट घेतले, आणि "बसा ना जरा," असं त्यांना म्हणाली. ते बसले. मशीन आपलं घरघरत राहिलं. ती गेल्यावरही बराच वेळ ते घरघरतच होतं, ते कुणी बंद करायचं हे आम्हाला कळत नव्हतं. शेवटी गौरी शाळेतून आली...

त्यानंतर भाऊजी जगले, जीप चालवली, गौरीला शिकवलं, आण्णांच्या शेवटच्या आजारात त्यांना उचलून न्यायला-आणायला तेच होते. पण एक प्रश्न त्यांना लागून राहिला. "शैला, त्या वाफेनं झालं का गं?" पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी जुने कागद काढले, समजावून सांगितलं, आजार आधीचा होता, त्याच वेगानं जात होता, बॅटरी बाहेर असती तरी हेच होणार होतं. "मनातून काढून टाका," म्हणाले. भाऊजींनी मान हलवली, हात जोडले. जिना उतरताना म्हणाले, "चांगला माणूस हाय. बरं वाटावं म्हणून सांगतो."

मग दर काही महिन्यांनी तोच प्रश्न. कधी जेवता जेवता, कधी जीप पुसताना. मी दर वेळी तेच उत्तर द्यायचे, वेगवेगळ्या शब्दांत, कधी समजावून, कधी थोडं रागावून. एकदा गौरीच चिडली, "बाबा, आईला त्या बॅटरीनंच इतके दिवस श्वास दिला, ते का नाही आठवत तुम्हाला?" ते म्हणाले, "ते बी खरंच की."  शेवटची भेट झाली ती ते जायच्या महिनाभर आधी. बस थांब्यापर्यंत मला सोडायला आले होते. बस दिसायला लागली तसे एकदम म्हणाले, "डॉक्टर म्हणतात ते खरं असंल ना?" मी म्हणाले, "खरंच आहे भाऊजी." बस आली, मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ते हात हलवायचं विसरून तसेच उभे होते. यापेक्षा दुसरं काय म्हणायला हवं होतं, ते मला आजही सुचत नाही. खरं तेच सांगितलं होतं, आणि ते पुरलं नाही.

परवा गौरीकडे, त्याच त्र्यंबक रस्त्याच्या घरी राहायला गेले होते. ती घर सोडायचं म्हणत नाही. सकाळी ती फरशी पुसत होती, मी कॉटवर पाय वर घेऊन बसले होते. सगळी खोली वाळली, पण खिडकीखाली एक चौकोन ओलाच राहिला. वाकून पाहिलं तर तिथली शहाबादी फरशी खडबडीत, पांढरट झाली होती, बोट फिरवलं तर करकर लागत होती. ॲसिडनं खाल्लेली. बॅटरीच्या बुडाएवढी, तेवढीच जागा किंचित खोल.

"मावशी, इथलं पाणी पुसून निघतच नाही," गौरी म्हणाली. "बाबा रोज सकाळी इथं बसायचे. सुकं फडकं घेऊन, बोटानं दाबून दाबून टिपायचे. मी म्हणायचे, राहू दे ना बाबा, वाळेल आपोआप. तर म्हणायचे, बाईंच्या बाजूला ओल नको."

मी तिच्या हातातून फडकं घेतलं आणि खाली बसले. दाबून टिपलं, उचललं. दगड पुन्हा ओलाच दिसला. गौरी बाजूला येऊन बसली. मी पुन्हा दाबलं.